औषधाआधी ओळख

शाळेतून घरी येताना मुले कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या बिया खातात. थोड्या वेळात उलट्या, जुलाब सुरू होतात आणि सगळ्यांना सरकारी रुग्णालयात आणावे लागते. ग्रामीण महाराष्ट्राला ही घटना नवी नाही. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘नेमके काय खाल्ले?’ ‘कसल्या तरी बिया’ या उत्तराने काम भागत नाही. विष कोणते, त्याचा परिणाम कोणत्या अवयवावर होणार, किती वेळ लक्ष ठेवायचे, हे सारे त्या ओळखीवर ठरते.

वनस्पतीची ओळख हा वैद्यकाचा फार जुना प्रश्न आहे. अठराव्या शतकात लंडनमधली बहुतेक औषधे झाडपाल्याचीच होती. औषधे बनवणाऱ्याला मुळ्या आणि पाने ओळखता आली नाहीत, तर रोग्याच्या पोटात भलतेच काही जायचे. वनौषधींची सचित्र पुस्तके होती. पण त्यांतली अनेक चित्रे जुन्या चित्रांवरून उतरवलेली, त्या नकलांच्याही पुन्हा नकला झालेली. प्रत्येक नकलेत पानाचा एखादा दाता, फुलाची एखादी पाकळी हरवत गेली होती. त्यात अमेरिकेहून नवनव्या वनस्पती येत होत्या.

ही उणीव भरून काढली एलिझाबेथ ब्लॅकवेल या स्त्रीने, तीही घरावर संकट कोसळले असताना. तिचा नवरा अलेक्झांडर स्वतःला डॉक्टर म्हणवत असे. पुढे त्याने लंडनमध्ये छापखाना काढला. त्या व्यवसायात आवश्यक असलेली उमेदवारी न केल्यामुळे त्याला दंड झाला, कर्ज वाढले आणि त्याची रवानगी कर्जबुडव्यांच्या तुरुंगात झाली. एलिझाबेथला चित्रकला येत होती. औषधी वनस्पतींच्या नव्या, विश्वासार्ह चित्रांची गरज आहे, हे तिने हेरले. सर हान्स स्लोन या नामवंत डॉक्टरांनी तिला प्रोत्साहन दिले. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेने १६७३ मध्ये चेल्सी येथे औषधी वनस्पतींची बाग उभारली होती. एलिझाबेथने या बागेजवळच बिऱ्हाड केले.

बागेतले ताजे झाड समोर ठेवून ती चित्र काढी. मग तेच चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरी आणि छापून आलेल्या प्रतीत हाताने रंग भरी. एरवी ही तीन कामे तीन वेगवेगळे कारागीर करत. दर आठवड्याला चार चित्रे, असे १२५ आठवडे काम चालले. १७३७ ते १७३९ या काळात तिचा ‘अ क्युरियस हर्बल’ हा ५०० चित्रांचा ग्रंथ पूर्ण झाला. वनस्पतींची निरनिराळ्या भाषांतली नावे जुळवायला तुरुंगातला नवरा मदत करत असे, असे सांगितले जाते.

या चित्रांचे महत्त्व केवळ देखणेपणात नाही. फांदीशेजारी फूल, फळ, बी आणि कित्येकदा मूळही वेगळे काढून दाखवलेले असते. फूल एका महिन्यात येते, फळ दुसऱ्या. चित्रकार मात्र दोन्ही एकाच कागदावर आणू शकतो. छायाचित्राला एका क्षणात हे साधत नाही. म्हणूनच आजही नव्या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध करताना अनेकदा तिचे रेखाचित्र सोबत दिले जाते.

लंडनच्या डॉक्टरांच्या संस्थेने या ग्रंथाची जाहीर शिफारस केली. त्याच्या कमाईतून कर्ज फिटले आणि नवरा सुटला. पुढे तो स्वीडनला गेला आणि तिथे राजकीय कटाच्या आरोपावरून १७४७ मध्ये त्याला देहदंड झाला. एलिझाबेथ १७५८ मध्ये वारली. त्याआधीच जर्मनीत तिच्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघू लागली होती.

त्या ग्रंथातले अनेक उपचार आज कालबाह्य झाले आहेत. ओळखीचा प्रश्न मात्र संपलेला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच वापरली गेली. दोघींच्या चिनी नावांत साम्य होते. त्या दुसरीतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने सुमारे शंभर जणांची मूत्रपिंडे निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाऊन सुमारे ६० जण दगावले. दोन्ही बिया काळपट आणि बारीक. भिंगाखाली मात्र धोतऱ्याच्या बीवर जाळीसारख्या उंच रेषा दिसतात, मोहरी त्यामानाने गुळगुळीत असते. नावावर भिस्त ठेवण्यातही धोका आहे. शंखपुष्पी म्हणून देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. केरळात तर आपली गोकर्ण.

म्हणून केवळ कुणी नाव सांगितले, किंवा मोबाइलवरचा फोटो जुळला, एवढ्यावरून कुठलाही पाला, मूळ वा बी पोटात घेऊ नये. अनवधानाने घेतली गेलीच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. त्यात वेळ न दवडता दुसऱ्या कुणाला तरी त्या झाडाची फांदी आणायला पाठवावे. नुसते पान पुरेसे नसते; फूल, फळ, बी, जे मिळेल ते सोबत हवे. एलिझाबेथच्या कागदावर हे सारे एकत्र असे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही नेमके तेच पाहायचे असते.