घटातील माती आणि श्रीचक्रातील बिंदू

आश्विन शुद्ध प्रतिपदेला महाराष्ट्रात घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरावयाची, तीत धान्य पेरावयाचे, मध्ये जलपूर्ण कलश ठेवावयाचा. नवव्या माळेपर्यंत अंकुर तरारून येतात. हा निव्वळ कुळाचार, यात तत्त्वज्ञान कसले, असे सुशिक्षितांस वाटते. वस्तुतः शाक्त तंत्राने जे श्रीचक्रात रेखाटले, तेच या मातीत रुजलेले आहे.

श्रीचक्राच्या मध्यबिंदूत शिव व शक्ती यांचे ऐक्य मानले जाते. सर्वांत बाहेरचा चौकोन म्हणजे भूपुर. भूमी त्याच्या नावातच आहे. बाहेरून आत जाणाऱ्या साधकाला प्रथम हे भूमीचे द्वार ओलांडावे लागते. कुंडलिनीचा विचारही असाच आहे. तिचे स्थान मूलाधार, आणि मूलाधाराचे तत्त्व पृथ्वी. सहस्रारातील शिवाकडे जाणारी वाट मातीतूनच निघते. चैतन्य आणि मृत्तिका यांना जोडणारी ती माता, हे या प्रतीकांचे मर्म होय.

आसामात कामाख्येच्या अंबुबाची पर्वात देवी रजस्वला असते, अशी श्रद्धा आहे. त्या काळात मंदिर तीन दिवस बंद राहते व भूमी नांगरत नाहीत. कारण भूमी आणि देवी एकच. पुढे त्याच रजाचे प्रतीक असलेले लाल वस्त्र प्रसाद म्हणून मस्तकी धरले जाते. आणि आपल्याकडे? त्याच कारणासाठी घरच्या लेकीसुनांना घटापासून दूर बसविण्याची रीत अनेक घरांतून अद्याप गेलेली नाही. मातीतील सृजन पूज्य आणि स्त्रीदेहातील तेच सृजन अशुद्ध, हा भेद ज्यांना मान्य आहे, त्यांनी घट बसविला खरा. देवी मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवली.