मळमळ पोटात, मूळ कानात

ताम्हिणी घाटाची पहिली दोन वळणं होतात न होतात तोच मागच्या सीटवर जांभई, मग ओठ चाटणं, मग लाळेची धार. कुत्र्याला झोप आलेली नसते. ही उलटीची वर्दी असते.

तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. कान म्हणतो ‘हलतोय’, डोळ्यांना सीट स्थिर दिसते, आणि या भांडणात पोट ढवळून निघतं. पिल्लांची ही यंत्रणा कच्ची असते. वर्षभराची झाली की बऱ्याच जणांचा त्रास आपसूक जातो.

उरलेल्यांना अनेकदा धास्तीच असते. गाडी म्हणजे डॉक्टरची सुई, एवढंच त्यांना ठाऊक! म्हणून आधी बंद गाडीत नुसता खाऊ. काही दिवसांनी इंजिन सुरू. मग गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, आणि शेवटी मैदान. इथे घाई केली की सगळं पाण्यात.

निघण्याआधी काही तास जेवण नको, पाणी चालेल. काच दोन बोटं उघडी, पट्टा बांधलेला.

लांबच्या प्रवासासाठी मारोपिटंट हे औषध आहे. अमेरिकेत त्याला २००७मध्ये मान्यता मिळाली. ते किमान २ तास आधी द्यावं लागतं, तेही पशुवैद्यांना विचारूनच. माणसांची गोळी अंदाजाने अर्धी करून देण्याचा घरगुती उद्योग मात्र नको.