गळती सीलची, दोष शाफ्टचा

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, बऱ्याच सुट्या भागांवरचा 18 वरून 5 वर. पाच लाख मूळ किमतीच्या ट्रॅक्टरमागे 35 हजार वाचतात, हा हिशेब एव्हाना सगळ्यांना पाठ झालाय. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याचं भलं झालं, यात वाद नाही. पण अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यात महिंद्राचा बी-275, मॅसी 1035, स्वराज 735 असे जुने गडीही अजून राबतात आणि त्यांच्या मालकांना या सवलतीतून काय मिळालं, हे वेगळं तपासावं लागतं. जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत सुट्या भागाची किंमत हा कधीच मोठा खर्च नव्हता. मोठा खर्च असतो तेच काम दुसऱ्यांदा करण्याचा. ऑइल सील हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. क्रँकच्या मागचं सील गळू लागलं की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सोडवावे लागतात, ट्रॅक्टर मधोमध वेगळा होतो, आणि एवढं करून बदलायची असते ती एक रबरी कडी. ती चुकीची बसली, तर महिन्याभरात पुन्हा तेच सगळं. कर पाच टक्के असो की अठरा, या दुसऱ्या फेरीवर कुठलीच सूट नाही.

सील गळतं म्हणजे सील खराब झालं, अशी आपली समजूत असते आणि दुरुस्ती फसते ती तिथंच. सीलची ओठासारखी रबरी कड शाफ्टवर टेकलेली असते, तिच्यामागे बारीक गोल स्प्रिंग असते आणि कड व शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो थर कड ओली ठेवतो आणि बाहेरही सांडत नाही. हा तोल सांभाळायला शाफ्टचा पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. मात्र वर्षानुवर्षं एकाच जागी कड घासली, त्यात धूळ आली, की पोलादी शाफ्टवर चर पडतो. नरम रबर लोखंड झिजवतं हे पटत नाही, पण ते काम रबरात रुतलेले मातीचे कण करतात. नव्या सीलची कड पुन्हा त्याच चरात जाऊन बसते आणि तेल वाट काढतं. तपासणी सोपी आहे. शाफ्ट पुसून त्यावरून लांबीच्या दिशेनं नख फिरवायचं. नख अडकलं तर तिथं नवं सील टिकणार नाही. मग हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून कड कोऱ्या जागेवर आणता येते, किंवा शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते. शाफ्ट भरून लेथवर उतरवायचा असेल, तर शेवटचा हात ग्राइंडिंगचाच हवा. लेथच्या हत्यारानं राहिलेल्या मळसूत्री रेषा शाफ्ट फिरू लागला की स्क्रूसारखं काम करतात आणि तेल बाहेर ढकलू शकतात. पॉलिश पेपरही गोल फिरवून मारायचा, आडवा ओढायचा नाही.

दुसरा दोषी ब्रीदर. गिअरबॉक्स आणि मागच्या हाऊसिंगवर हवा जाण्यायेण्यासाठी एक छोटी टोपी असते. सोयाबीन-तुरीच्या मळणीत उडणारं कुटार आणि वखरणीची कोरडी धूळ तिच्यात जाऊन बसते. तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट बंद असल्यानं दाब वाढतो आणि तो तेलाला सर्वांत दुबळ्या जागेतून, म्हणजे सीलच्या कडेतून, बाहेर लोटतो. इंजिनात रिंगा झिजल्या असतील तर क्रँककेसमध्येही असाच दाब साचतो. तिसरा दोषी बेअरिंगचा खेळ. शाफ्ट हलू लागला की कड एका बाजूला दबते, दुसऱ्या बाजूला सुटते. यांपैकी काहीही न पाहता सील बदलणं म्हणजे तापाचं कारण न शोधता फक्त कपाळावर पट्टी ठेवणं. असं बदललेलं सील पुन्हा गळलं की त्याची स्प्रिंग थोडी कापून आवळण्याची युक्ती केली जाते. चार दिवस गळती थांबते खरी, पण आवळलेली कड तापते, कडक होते आणि शाफ्टवरचा चर आणखी खोल करते. ही युक्ती बंदच व्हायला हवी.

आता प्रत्यक्ष बसवणं पाहू. पीटीओ शाफ्टचं, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचं, सील घ्या, कारण रोटाव्हेटरवाल्या बऱ्याच ट्रॅक्टरांना त्याचा त्रास असतो. बाहेर निघालेल्या टोकावर सहा खाचा असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. नवं सील त्यांवरून तसंच ढकललं तर कड बसण्याआधीच चिरते, आणि ती चीर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून खाचांवर प्लास्टिकचा पातळ कागद किंवा चिकटपट्टी घट्ट गुंडाळून, तिला ग्रीस लावून मग सील सरकवायचं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. सीलची कड आधी तेलानं किंवा ग्रीसनं ओली करायची, कारण कोरडी कड सुरुवातीच्या काही क्षणांतच जळते: मिनिटाला 540 फेऱ्यांवर 35 मिलिमीटरच्या शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे एक मीटर धावतो, तर 2000 फेऱ्यांवर फिरणाऱ्या 100 मिलिमीटरच्या क्रँकवर हाच वेग दहा मीटरच्या वर जातो. मग ठोकणं. हातोडीनं एका कडेला, मग दुसऱ्या कडेला टोले दिले की सील तिरपं जातं, पत्रा दुमडतो आणि धक्क्यानं आतली स्प्रिंग निसटू शकते. सीलच्या बाहेरच्या मापाच्या जुन्या बेअरिंगची कडी वर ठेवून मधोमध हलके टोले दिले, तर ते चहूबाजूंनी सारखं उतरतं. यासाठी महागडं हत्यार लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो डुप्लिकेट मालाचा. तो खोटा नाही. रबर कुठल्या प्रतीचं आहे, हे पाकिटावरून कळत नाही. पण अस्सल मालही दुकानात बिघडतो. खिळ्याला माळ करून टांगलेल्या सीलची कड स्वतःच्या वजनानं वाकते आणि उन्हात, हवेतल्या ओझोननं तिला बारीक भेगा पडतात. अकोल्याच्या मे महिन्यात तर हे लवकर होतं. त्यामुळे बंद पाकिटातलं, लवचिक, भेगा नसलेलं सील पाहून घेणं गिऱ्हाइकाच्या हातात आहे. दुसरा आक्षेप: थोडं तेल गळलं तर गळू द्या, वरून भरता येतं. दर दहा सेकंदांना एक थेंब पडला, तर दहा तासांच्या कामात दीडशे मिलिलिटरच्या आसपास तेल जातं, महिनाभर रोज काम असेल तर साडेचार लिटर. तेलाचे पैसे एक वेळ सोसतील. मागच्या ॲक्सलचं तेल जुन्या पद्धतीच्या कोरड्या ब्रेकच्या लायनिंगवर गेलं, तर कापसानं भरलेली ट्रॉली उतारावर थांबत नाही. तिथं पैशांचा हिशेब संपतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा: मिस्त्रीला वेळ नसतो. मृगाच्या तोंडावर वर्कशॉपसमोर रांग असते आणि प्रत्येकाला ट्रॅक्टर उद्याच हवा असतो. मजुरीही सील बदलण्याची ठरते, शाफ्ट तपासण्याची कुणी देत नाही. म्हणून घाईचा सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. पर्किन्स जातीच्या जुन्या तीन सिलिंडरच्या कित्येक इंजिनांत क्रँकमागे रबरी सीलऐवजी दोरीचं सील असतं. ती दोरी तेलात भिजवून, खाचेत दाबून बसवून, तिची टोकं ठरल्याइतकीच बाहेर ठेवावी लागतात. हे जाणणारे हात म्हातारे होत चालले आहेत. आयटीआयच्या ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात अशा जुन्या इंजिनांसाठी किती वेळ उरणार?

सीलची ही काळजी वऱ्हाडात जास्त लागते ती इथल्या जमिनीमुळे. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रात नव्या ट्रॅक्टरची चाचणी होते, तेव्हा चिखलणीनंतर भाग उघडून आत पाणी-चिखल गेला का, हे पाहतात. म्हणजे सीलचं निम्मं काम बाहेरचं आत येऊ न देणं हे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली चिकण काळी माती पुढच्या चाकाच्या हबला लिंपली जाते, वाळून दगड होते आणि सीलची कड खरवडते. पऱ्हाटीच्या साली, दोऱ्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला गुंडाळून सीलखाली शिरतात. रोजच्या कामानंतर पाच मिनिटं त्या कापून काढल्या, तर सीलचं आयुष्य नक्की वाढतं.

तूर निघाल्यापासून मेअखेरपर्यंत ट्रॅक्टरला थोडी उसंत असते. त्या दिवसांत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं अकोल्यातलं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि या पट्ट्यातली कृषी विज्ञान केंद्रं यांनी जुन्या ट्रॅक्टरच्या तपासणीची शिबिरं घ्यावीत आणि त्यांत शिकवायला जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावं. मालकांनी मजुरी ठरवतानाच शाफ्ट, बेअरिंग आणि ब्रीदर पाहण्याचे पैसे वेगळे धरावेत, आणि नवं सील चढण्याआधी पुसलेला शाफ्ट स्वतः नखानं तपासून घ्यावा.