कारखानदार आणि त्याचें गांव

भिवंडीहून वाड्याकडे जातांना अंबाडी हें गांव लागतें. हा तालुका यंत्रमागांचा व गोदामांचा. येथील गांवांपुढें एक प्रश्न सहज उभा राहतो: उद्योजक गांवाचें काय देणें लागतो?

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं याचें उत्तर कृतीनें दिलें. १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडलजवळच्या निवडुंगानें माजलेल्या माळावर त्यांनीं कारखाना उभारला व कामगारांसाठीं वसाहतही वसविली. १९२० सालीं त्यांचे पुतणे शंकरराव यांनीं तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ काढलें. कारखान्याची वार्ता देणारें तें पत्र पुढें सामाजिक विचारांचें मासिक झालें. १९३० सालीं त्याच्या जोडीस ‘स्त्री’ आलें. मात्र मालकाच्या मासिकांत मालकाचीच झडती निघणें कठीण. तें काम स्वतंत्र पत्राचें होय.

आज या देण्यांत हवामानाची भर पडली आहे. कोळसा व तेल जाळल्यानें निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायु हवेंत शेंकडों वर्षें राहून उष्णता कोंडतो. धुराड्याचा परिणाम कुंपणापाशीं थांबत नाहीं.

म्हणून नागरिक, पत्र आणि उद्योग हे तीन विषय वेगळे नव्हेत. धूर कमी करावयाचा तर त्याचा हिशेब उघडा हवा, तो निर्भयपणें छापणारें पत्र हवें आणि तें वाचून ग्रामसभेंत प्रश्न विचारणारा गांवकरी हवा. या तिघांतील एक जरी गप्प बसला, तरी उरलेल्या दोघांचे श्रम वायां जातात. झाडें लावणें चांगलेंच; पण हिशेब देणें हें त्याहून मोठें देणें आहे.