लहान मुलांच्या वृषणातील गाठ : लाज नको, तपासणी हवी

बाळाला आंघोळ घालताना आईच्या हाताला वृषणात टणक गाठ लागते. मूल खेळते, जेवते, रडत नाही. ‘अंडात पाणी झाले असेल, वाढत्या वयात जाईल,’ असे म्हणून घरची मंडळी गप्प बसतात. परंतु ही गाठ सहसा दुखतच नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

हा रोग विरळा आहे. लहान मुलांच्या भरीव गाठींपैकी शेकडा एक-दोनच वृषणाच्या असतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. ‘टेराटोमा’ या वयात बहुधा निरुपद्रवी असतो. ‘योक सॅक ट्यूमर’ हा मात्र कर्करोग होय.

निदान कसे करतात? अंधारात अंडकोशाला बॅटरी लावली असता पाणी असल्यास तो उजळतो, भरीव गाठ उजळत नाही. परंतु गाठीभोवतीही पाणी साचू शकते, म्हणून सोनोग्राफी आवश्यक आहे. त्यानंतर रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन तपासतात. योक सॅक ट्यूमरमध्ये ते बहुधा वाढते. नवजात बालकात ते मुळातच जास्त असून वर्षभरात उतरते. म्हणून आकडा वयाशी ताडून पाहावा लागतो.

शस्त्रक्रिया जांघेतून करतात. अंडकोशात सुई टोचून तुकडा काढत नाहीत, कारण त्यामुळे रोग पसरण्याचा धोका असतो. गाठ निरुपद्रवी असल्यास वृषण वाचवता येते. कर्करोग असल्यास ते काढावे लागते. रोग तेवढ्यापुरताच असेल तर पुढे नियमित रक्ततपासणी व देखरेख पुरते. रक्तातील प्रमाण उतरले नाही किंवा पुन्हा चढले, तर केमोथेरपी देतात. १९७४ साली अमेरिकेत डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी प्रौढांच्या वृषण-कर्करोगावर सिस्प्लॅटिनयुक्त उपचार सुरू केले. पुढे अशी औषधे मुलांनाही उपयोगी पडली. आज योग्य उपचार मिळालेल्या शंभर मुलांपैकी नव्वदाहून अधिक बरी होतात.

‘एक वृषण गेले, आता मुलाचे लग्न कसे होणार?’ ही भीती निराधार आहे. दुसरे निरोगी वृषण वाढीस व पितृत्वास पुरेसे असते. खर्चाची अडचण असल्यास महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. गाठ लागताच बालशल्यचिकित्सकांना दाखवावे. लाजेपोटी दवडलेले दिवस मुलाच्या जिवावर बेतू शकतात.