तयार कपड्यांचा धंदा : त्यांतील कामें व प्राप्ति

दहावीचा निकाल लागला म्हणजे पुष्कळ पालक पुढील मार्गाविषयीं विचारावयास शाळेंत येतात. अलीकडे कांहीं विद्यार्थी, व विशेषतः विद्यार्थिनी, 'आम्हांस फॅशनचें शिक्षण घ्यावयाचें आहे' असें म्हणूं लागल्या आहेत. हें ऐकून कोणी पालक कपाळास आठ्या घालतात व 'अखेर शिंपीकामच ना!' असें म्हणतात. तर कोणास वाटतें कीं, मुलगी विद्यालयांतून बाहेर पडतांच तिचें नांव वर्तमानपत्रांत झळकेल. हे दोन्ही समज सारखेच चुकीचे आहेत. या धंद्यांत खरोखर कोणतीं कामें असतात, तीं कोठें शिकतां येतात व त्यांत प्राप्ति किती होते, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

मुंबईच्या बहुतेक कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर हळूहळू बंद पडल्या. परंतु कापडाचा धंदा कांहीं नाहींसा झाला नाहीं. इचलकरंजी, भिवंडी व मालेगांव येथें यंत्रमाग चालतात. सोलापुरांत चादरी व टॉवेलांबरोबर शाळांचे गणवेशहि तयार होतात. आणि तिरुपूर, बंगळूर व दिल्लीच्या आसपास तयार कपड्यांचे मोठमोठे कारखाने आहेत.

गांवचा शिंपी एकटाच माप घेतो, कापतो, शिवतो व इस्त्रीहि करतो. कारखान्यांत हेंच काम अनेक हातांत विभागलेलें असतें. गिऱ्हाइकाशीं बोलणें करून माल वेळेवर रवाना करण्याची जबाबदारी मर्चंडायझरवर असते. पॅटर्न मास्टर कागदावर कपड्याचे भाग आंखतो व लहानमोठ्या सर्व मापांचे नमुने काढतो. पुढें ते भाग कापडावर अशा रीतीनें मांडावे लागतात कीं, चिंध्या कमींत कमी निघाव्या. हें काम किती मोलाचें आहे तें पाहा. एका मागणीस १०,००० मीटर कापड लागत असेल व नीट मांडणीनें शेंकडा २ वांचलें, तर २०० मीटर कापड, म्हणजे सुमारें १०० शर्टांचें कापड, शिल्लक राहतें. नंतर कापणारे, शिवणारे, तपासणारे, काज-बटण करणारे व इस्त्री करणारे यांची रांग लागते. शिवणाऱ्यांतहि एकीनें फक्त कॉलर व दुसरीनें फक्त बाही जोडावयाची, अशी वांटणी असते.

आतां वेतनाकडे वळूं. या धंद्यांत सर्वांत अधिक माणसें शिवणयंत्रावर बसतात व त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. प्रत्येक कामास किती वेळ लागावा हें घड्याळ लावून ठरविलेलें असतें. एखाद्या शिवणीस पाऊण मिनिट ठरलें, तर आठ तासांच्या, म्हणजे ४८० मिनिटांच्या पाळींत ६४० नग व्हावयास पाहिजेत, असा हिशेब निघतो. दोरा तुटतो, सुई मोडते, हात थकतो. त्यामुळें इतकें काम क्वचितच होतें, व त्या हिशेबाचें ओझें दिवसभर मनावर राहतें. या कामाचें वेतन बहुधा सरकारनें ठरविलेल्या किमान दराच्या आसपास, म्हणजे दरमहा साधारण १० ते १५ हजार रुपये असतें. येथील मुख्य अडचण हीच कीं, दहा वर्षें यंत्रावर बसलेल्या बाईस नव्या बाईहून थोडेंच अधिक मिळतें. घरीं नगावर काम करणारीची प्राप्ति तर याहूनहि कमी असते.

ज्यांस वर चढावयाचें आहे त्यांनीं यंत्राबरोबरच नमुना काढणें, मालाची पारख करणें किंवा कामाचा हिशेब ठेवणें शिकलें पाहिजे. मर्चंडायझर, पर्यवेक्षक किंवा कारखान्यांतील इंजिनिअर यांचा आरंभ साधारण २० ते ४० हजारांच्या दरम्यान होतो व अनुभवाबरोबर वेतन वाढत जातें. चांगल्या पॅटर्न मास्टरचा हात जितका जुना, तितकी त्यास मागणी अधिक. उलट, केवळ डिझायनर म्हणून जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ.

शिक्षणाच्या सोयी अनेक आहेत. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आय.टी.आय.मध्यें, शिवणकाम व ड्रेसमेकिंगचे एक वर्षाचे अभ्यासक्रम असून फी अल्प असते. मुंबईस एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकमध्यें मुलींची सोय आहे; इचलकरंजीच्या डी.के.टी.ई. संस्थेंत वस्त्रविद्येची पदवी मिळते. केंद्र सरकारची निफ्ट ही संस्था १९८६ सालीं स्थापन झाली व तिची मुंबई शाखा खारघर येथें आहे. तेथील कपडे-उत्पादनाच्या पदवीस बारावीस गणित असणें अवश्य आहे. गणित टाळण्याकरितां फॅशनकडे वळूं पाहणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पालकांनीं प्रवेशापूर्वीं एक हिशेब अवश्य करावा. खासगी संस्थेच्या फीकरितां १० लाखांचें कर्ज शेंकडा १० व्याजानें काढलें, तर वर्षाचें व्याजच १ लाख, म्हणजे महिन्यास ८,००० हून अधिक होतें. मुलास प्रारंभीं २५,००० मिळाले, तर त्यांतील तिसरा हिस्सा नुसत्या व्याजांत जाईल. मुद्दल तसेंच राहील. म्हणून संस्थेच्या इमारतीवर व जाहिरातीवर न भुलतां, गेल्या तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांस पहिला पगार काय मिळाला हें त्यांनाच विचारावें.

नांवलौकिक मिळतच नाहीं असें नव्हे. कोल्हापुरांत १९२९ सालीं जन्मलेल्या भानु अथैया यांनीं मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिक्षण घेतलें, मासिकांसाठीं वेषभूषेचीं चित्रें काढलीं, पुढें कित्येक वर्षें चित्रपटांचे पोशाख केले आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. तथापि त्या यशामागें सुमारें तीस वर्षांची मेहनत होती.

नोकरी धरतांना वेतनाइतकेंच इतर गोष्टींकडेहि लक्ष द्यावें. भविष्यनिर्वाह निधींत कामगाराचे व मालकाचे प्रत्येकीं शेंकडा १२ भरले जातात काय, राज्य विम्याचें कार्ड मिळतें काय, जादा कामास कायद्याप्रमाणें दुप्पट दर मिळतो काय, हें विचारण्यांत कांहींच संकोच नसावा. इमारतीचे दरवाजे व जिनेहि पाहावे. बांगलादेशांत ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजीं कोसळली व १,१३४ माणसें मेलीं. आदल्या दिवशींच भिंतींस तडे दिसले होते; खालचीं दुकानें व बँक बंद राहिली, परंतु वरच्या कारखान्यांतील कामगारांस कामावर बोलाविलें गेलें. पगार बुडेल या भीतीनें ते गेले.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांस या धंद्याची ओढ वाटते त्यांनीं येत्या सुटींत एक जुना शर्ट घ्यावा, त्याची प्रत्येक शिवण उसवावी, सुटे भाग कागदावर आंखावे व त्यांवरून नवा शर्ट कापून शिवून पाहावा. पहिला बिघडला तर दुसरा करावा. दुसरा बिघडल्यावरहि तिसरा करावासा वाटला, तर आईबापांनीं खुशाल त्या मुलास या मार्गानें जाऊं द्यावें.