शाळेंतील प्रकल्प : मुलाचा कीं दुकानाचा?



जून महिना उजाडला कीं घरोघरीं वह्यापुस्तकांची खरेदी सुरू होते आणि पुढें सत्र सरूं लागलें म्हणजे तींत आणखी एका खरेदीची भर पडते. ती प्रकल्पाची. थर्माकोलची पवनचक्की, रंगविलेला ज्वालामुखी, हृदयाचा चकचकीत तक्ता. जें मागाल तें दुकानांत तयार मिळतें. आई पैसे मोजते, वडील रात्रीं डिंक लावीत बसतात आणि मूल सकाळीं तें ओझें शाळेंत पोंचवितें. प्रकल्पपद्धति म्हणतात ती हीच काय, याचा आज आपण विचार करूं.

मी कांहीं शिक्षणशास्त्राचा पंडित नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि अध्यापनाची पदविका एवढ्या शिदोरीवर मीं दिंडोशीच्या परिसरांत तीस वर्षें मुलें शिकविलीं. जें सांगणार आहें, तें बहुतेक चुकांतूनच शिकलेलें आहे.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत विल्यम किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं या पद्धतीवर एक निबंध लिहिला. मुलानें स्वतःचा हेतु धरून मनापासून केलेलें काम हा शिक्षणाचा गाभा असावा, हें त्याचें सार. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याचा विचार मांडला. पुढें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मुंबईंतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला. तेथून माध्यमिक शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमांत मुलें आठवड्यांतून एक दिवस सुतारकाम, वीज, शेती, आरोग्य यांची प्रत्यक्ष कामें करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही अनुभवांतून शिकण्यावर भर दिला आहे. तेव्हां तत्त्वाविषयीं वाद नाहीं. अडतें तें वर्गांत. पटावर साठ मुलें, तास पस्तीस मिनिटांचा, आणि डोक्यावर परीक्षेची टांगती तरवार!

माझ्या हातून घडलेला एक अन्याय सांगतों. आठवीच्या वर्गाला मीं ‘पाणी’ या विषयावर प्रकल्प आणावयास सांगितला. एका मुलानें विकत घेतलेलें देखणें धरण आणलें. त्यास मीं वीसपैकीं अठरा गुण दिले. एका मुलीनें चुरगळलेले चार कागद आणले. आपल्या वस्तींतल्या नळाला रोज किती वाजतां पाणी आलें, किती वेळ टिकलें आणि घरांत किती हंडे भरले, याची पंधरा दिवसांची नोंद तींत होती. कागदांवर पाण्याचे डाग पडले होते, अक्षर वांकडें होतें. मीं तिला नऊ गुण दिले. दुसऱ्या दिवशीं ती हळूच म्हणाली, “सर, मी रोज पहांटे उठून लिहिलें होतें.” मजपाशीं उत्तर नव्हतें. वर्गांतला खरा प्रकल्प तो एकच होता, आणि तो मला ओळखतां आला नाहीं.

त्यानंतर मीं पद्धत बदलली. पहिला नियम असा कीं, मुलांस वस्तु मागावयाची नाहीं, प्रश्न द्यावयाचा. आमचा प्रश्न होता : आपल्या वस्तींत पाणी कोठें व कां तुंबतें? आरेच्या टेकड्यांत उगम पावून गोरेगांवांतून मालाडच्या खाडीकडे जाणारी ओशिवरा नदी मुलांना नाला म्हणूनच ठाऊक होती. ती नदी आहे, हें नकाशावर पाहून त्यांना नवल वाटलें.

दुसरा नियम खर्चाचा. सरळ अंगाची रिकामी बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसवावा, तळाशीं खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरावें आणि बाहेरून पट्टी चिकटवावी. झालें पर्जन्यमापक! एका मुलाचा आंकडा रोज इतरांच्या दुप्पट येई. आम्ही हंसलों नाहीं, कारण शोधलें. त्यानें बाटली वळचणीखालीं ठेवली होती. त्या एका चुकीनें मापनाविषयीं जें शिकविलें, तें माझ्या चार तासांच्या व्याख्यानानें शिकविलें नसतें.

तिसरी अडचण अभ्यासक्रमाची. प्रकल्प हा धड्यांवर चढविलेला बोजा न होतां धड्यांचीच वाट व्हावा. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे शंभर लिटर पाणी होतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे तेवढ्याच छपरावर चौऱ्याण्णव हजार चारशें लिटर! हा हिशेब मुलांनीं स्वतः केला. सरासरी आणि आलेख यांचे तास त्यांतच निघाले. मात्र सरासरी काढावी कशी, हें आधीं फळ्यावर शिकवावें लागलें. प्रकल्प आला म्हणून शिक्षकानें खडू खालीं ठेवावयाचा नसतो.

चौथी अडचण, गटांत एकानें राबावें आणि चौघांनीं बसावें. त्यावर उपाय म्हणजे पांचजणांचा गट, प्रत्येकाचें काम ठरलेलें, दर शनिवारीं नोंदवहीवर माझी सही, आणि शेवटीं प्रत्येकास तोंडीं दोन प्रश्न. निम्मे गुण नोंदवहीला. विकत घेतलेल्या वस्तूला नोंदवही नसते, हें मुलांच्या लौकरच ध्यानांत आलें. सत्रांत असा एकच प्रकल्प होई; त्याहून अधिक आम्हांस पेलला नाहीं. पावसांत नाल्याजवळ कोणीं जावयाचें नाहीं, हा दंडकही पहिल्या दिवसापासून होता.

पालकांस एकच विनंति आहे. मुलाचें काम ओबडधोबड दिसलें तर तें सांवरण्यास धांवूं नका. तें त्याचें आहे, हीच त्याची शोभा. आणि शिक्षकबंधुभगिनींनो, गुण देण्यापूर्वीं एवढेंच विचारा : “बाळ, हें तुला कसें कळलें?” ज्याला सांगण्यासारखें कांहीं आहे, तो सांगूं लागेल. तो प्रश्न मीं त्या मुलीस वेळेवर विचारला असता, तर मला आज ही कबुली द्यावी लागली नसती.